जुन्या सीपीयूला कोणता मॉनिटर लावावा?

दिवाळीनंतर मामेभाऊ दुकानात आला तो खोका काखेत मारूनच. आत २७ इंची, १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर, हप्त्यावर घेतलेला.

"दादा, मानिटर नवा घेतला, तरी गेम अटकूनच रायला. खराब तं नाही आला?"

मॉनिटर धडधाकट होता. सीपीयू मात्र तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ग्राफिक्स कार्ड नाही, रॅमची एकच पट्टी. गेम लावून मोजलं तर २८ एफपीएस, म्हणजे कॉम्प्युटर सेकंदाला २८ च चित्रं देत होता. विंडोजच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर तो १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालत होता, कारण त्या जुन्या बोर्डाच्या एचडीएमआयमधून त्याहून जास्त बाहेर पडतच नव्हतं. बंडीला ट्रॅक्टरचे टायर लावले तरी ती बैलाच्याच चालीनं जाणार, तशी गत.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कापूस विकून घरात चार पैसे आले की पोरं मॉनिटर बघायला लागतात आणि बहुतेक जण उलट्या टोकानं सुरू करतात. आधी मॉनिटर आवडतो, मग सीपीयूकडून त्याची अपेक्षा केली जाते. जुन्या मशीनवर गेम खेळायचा असेल तर हिशोब सीपीयूपासून सुरू करावा लागतो.

आधी मोजा

मॉनिटर हातात यायच्या आधीच मोजता येतं. घरचा टीव्ही जोडा, मित्राचा स्क्रीन आणा, काहीही चालेल. विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोजचं बटन आणि जी एकत्र दाबलं की गेम बार उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या चौकटीत एफपीएस दिसतात. पहिल्यांदा परवानगी मागेल, ती द्या. मग तुमचा नेहमीचा गेम, सगळ्या सेटिंग 'लो' करून, दोनदा खेळा: एकदा १२८० × ७२० वर, एकदा १९२० × १०८० वर. प्रत्येक वेळी दहा मिनिटं तरी खेळा आणि गर्दीच्या ठिकाणी, मारामारीत आकडा कुठं पडतो तो वहीत लिहा. मेनूवर दिसणारा आकडा कामाचा नाही, तिथं सगळ्यांचेच एफपीएस छान असतात.

टीव्ही एचडी रेडी असेल तर तो १०८० चं चित्र घेऊन स्वतःच बारीक करून दाखवतो. मोजणीला तेवढं चालतं, कारण कॉम्प्युटरला काम १०८० चंच करावं लागतं.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. ७२० वर ४५ आणि १०८० वर २४ आले, तर तुमचं ग्राफिक्स कमजोर आहे आणि स्क्रीनवरचा प्रत्येक जास्तीचा ठिपका त्याच्या अंगावर येतो. दोन्हीकडे जवळपास सारखेच, समजा ३८ आणि ३६ आले, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. मग फुल एचडी मॉनिटर घेतल्यानं तुमचं काही बिघडणार नाही. ही एक चाचणी केली तरी निम्मा निर्णय झालाच म्हणून समजा. पण खरं सांगतो, आजवर दुकानात आलेल्यांपैकी ही चाचणी करून आलेला एकही मला आठवत नाही.

ठिपक्यांचा हिशोब

चित्र ठिपक्यांचं बनतं आणि गेम चालू असताना प्रत्येक नव्या चित्राला सगळे ठिपके नव्यानं रंगवावे लागतात. १३६६ × ७६८ मध्ये साधारण १०.५ लाख ठिपके. १६०० × ९०० मध्ये १४.४ लाख. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० मध्ये २०.७ लाख. दुकानदार ज्याला 'टू-के' म्हणून खपवतो त्या २५६० × १४४० मध्ये ३६.९ लाख, आणि फोर-के मध्ये ८२.९ लाख. साध्या एचडी स्क्रीनवरून फुल एचडीवर गेलात की काम जवळजवळ दुप्पट झालं. एफपीएस बरोबर अर्ध्यावर येतीलच असं नाही, पण दिशा तीच.

यावर पोरांचा नेहमीचा प्रश्न असतो: "मग फुल एचडी घेऊन गेम ७२० वर खेळला तं?" खेळता येतो, आणि मी बहुतेकांना तेच सांगतो. पण त्यातली मेख समजून घ्या. एलसीडीचे ठिपके पक्के असतात. ७२० चं चित्र १०८० च्या स्क्रीनवर पसरवताना एका ठिपक्याला दीड ठिपका करावा लागतो. अर्धा ठिपका नसतोच, म्हणून कडा धुरकट दिसतात. यावर उपाय गेममध्येच असतो. सेटिंगमध्ये 'रेझोल्यूशन स्केल' किंवा 'रेंडर स्केल' दिसलं तर मुख्य रेझोल्यूशन १९२० × १०८० च ठेवा आणि स्केल ७० टक्क्यांवर आणा. आतलं चित्र कमी ठिपक्यांत बनतं, पण नकाशा, गोळ्यांचा आकडा, अक्षरं बहुतेक गेममध्ये पूर्ण धारदार राहतात. गेममध्ये एएमडी कंपनीचं एफएसआर (कमी ठिपक्यांचं चित्र सफाईनं मोठं करणारी सोय) असेल तर ते आणखी बरं. त्याला एएमडीचंच कार्ड लागतं असा गैरसमज आहे, पण त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंतचं एफएसआर इंटेल आणि एनव्हीडियावरही चालतं.

माझं मत असं. सहाव्या पिढीनंतरचा इंटेल, वेगा ग्राफिक्सवाला एएमडीचा रायझन किंवा कोणतंही बरं जुनं कार्ड असेल तर फुल एचडी घ्या. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा इंटेल विनाकार्डाचा असेल, पुढची दोन वर्षं तो बदलायचा विचार नसेल आणि खिसा खरंच तंग असेल, तर सेकंडहँड १९ इंची १३६६ × ७६८ किंवा २० इंची १६०० × ९०० घ्यायला लाजू नका. जीटीए सॅन अँड्रियास २००४ चा गेम आहे, काउंटर स्ट्राइक १.६ त्याच्याही आधीचा. या गेमना कमी ठिपक्यांचा स्क्रीन शोभून दिसतो आणि ठिपके त्याचे स्वतःचे असल्यानं चित्र धुरकटही होत नाही. १४४० आणि फोर-के मात्र या लेखाच्या वाचकानं दुकानात बघूनसुद्धा वेळ घालवू नये.

सीपीयूच्या मागे काय आहे ते बघा

मोबाईलचा टॉर्च लावा आणि सीपीयूच्या पाठीमागचा फोटो काढून ठेवा. निळं, १५ भोकांचं ते व्हीजीए. पांढरं रुंद ते डीव्हीआय. मोबाईलच्या जुन्या चार्जरच्या तोंडासारखं पण मोठं ते एचडीएमआय. त्याच्यासारखंच, पण एकच कोपरा कापलेलं ते डिस्प्लेपोर्ट. दुकानदार त्याला डीपी म्हणतो. आपल्याकडे डीपी म्हणजे गावाबाहेरचा ट्रान्सफॉर्मर, म्हणून एका काकांनी मला गंभीरपणे विचारलं होतं की पोराच्या मॉनिटरसाठी डीपीवरून वेगळी लाईन ओढावी लागते का.

ऑफिसातून निघालेले जुने सीपीयू आपल्याकडे फार येतात. त्यातल्या डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० आणि ९०२० ला मागे व्हीजीए आणि दोन डिस्प्लेपोर्ट असतात, एचडीएमआय नसतंच. स्वस्त मॉनिटरला मात्र बहुतेकदा एचडीएमआय आणि व्हीजीए. मग लोक व्हीजीएची वायर लावून मोकळे होतात. व्हीजीएवर फुल एचडी ६० हर्ट्झ चालतं, पण वायर हलकी असेल तर अक्षरांना सावली येते. अशा वेळी मॉनिटरचं 'ऑटो' बटन दाबून पाहा, चित्र जागेवर बसतं. त्यापेक्षा डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारा छोटा कन्व्हर्टर घ्या. फक्त त्याची दिशा बघा. सीपीयूला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असा तो चालतो, उलटा लावला तर स्क्रीन काळाच राहतो.

वेगळं कार्ड बसवलं असेल तर मॉनिटरची वायर कार्डालाच लागली पाहिजे. वरच्या बाजूच्या बोर्डाच्या भोकात लावलेली वायर आणि खाली धूळ खात बसलेलं कार्ड, असे सीपीयू मी दर महिन्याला उघडतो. "कार्ड टाकलं पण फरकच नाही पडला भाऊ" याचं उत्तर अर्ध्या वेळेला एवढंच असतं.

हर्ट्झ किती पैशाचे?

हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो. एफपीएस म्हणजे कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रं देतो. देणारा ३० देत असेल तर घेणाऱ्यानं १६५ हात पसरून उपयोग काय?

तरीही ६० वरच थांबा असं मी म्हणत नाही, आणि हा भाग नीट वाचा. ६० हर्ट्झवर स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र मागतो. चित्र फाटू नये म्हणून व्ही-सिंक चालू केलं आणि तुमच्या कॉम्प्युटरला एक चित्र बनवायला १८ मिलिसेकंद लागले, तर गाडी चुकली. पुढची गाडी आणखी १६.७ नंतर. म्हणून ५५ एफपीएस देऊ शकणारं मशीन व्ही-सिंकमध्ये धाडकन ३० वर आपटतं. तेच १०० हर्ट्झवर दर १० मिलिसेकंदांनी गाडी आहे. १८ मिलिसेकंदांचं चित्र २० व्या मिलिसेकंदाला निघतं, म्हणजे ५० एफपीएस मिळतात. कमजोर मशीनला ७५ किंवा १०० हर्ट्झचा खरा फायदा हा आहे, आणि तो खोक्यावर कुणी छापत नाही.

आता २२ आणि २४ इंची फुल एचडीमध्ये १०० हर्ट्झचे मॉनिटर साध्या ६० वाल्यांच्याच किमतीला मिळायला लागलेत. २२ इंचीचा भाव साधारण ६ ते ८ हजारांच्या घरात. म्हणून नवाच घेणार असाल तर १०० हर्ट्झ घ्या. १४४ आणि १६५ साठी जास्तीचे पैसे तेव्हाच मोजा, जेव्हा तुमच्या वहीत शंभरीच्या पुढचे आकडे असतील. वेगावाला रायझन आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये ६० च्या वर सहज जाता येतं. तिथं १०० हर्ट्झ कामाला येतो.

जुन्या इंटेलच्या एचडीएमआयमधून ७५ किंवा १०० हर्ट्झ निघेलच याची खात्री धरू नका. उपाय एकच: सीपीयू गाडीवर बांधा आणि दुकानात न्या. जोडून, डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा बघून मगच पैसे द्या. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

फ्रीसिंकची बारीक अक्षरं

फ्रीसिंक असलेला मॉनिटर आपलं चित्र बदलणं कॉम्प्युटरच्या चालीशी जुळवून घेतो. ऐकायला कमजोर मशीनसाठीच बनवल्यासारखं वाटतं. पण प्रत्येक मॉनिटरला त्याची एक पट्टी असते, उदाहरणार्थ ४८ ते ७५ हर्ट्झ. तुमचे एफपीएस ३५ असतील तर तुम्ही पट्टीच्या खाली आहात आणि फ्रीसिंक झोपलेलं आहे. पट्टीचं वरचं टोक खालच्या टोकाच्या दुपटीहून जास्त असेल, तर एकच चित्र दोनदा दाखवून मॉनिटर ही कमतरता भरून काढू शकतो. ४८ ते ७५ मध्ये ते गणित बसत नाही, ४८ ते १०० मध्ये बसतं.

शिवाय सीपीयूनंही साथ द्यायला हवी. एएमडीच्या वेगा आणि आरएक्स मालिकेला जमतं, एचडीएमआयवरूनही. एनव्हीडियाचं असेल तर जीटीएक्स १० मालिकेपासून पुढं, आणि तेही डिस्प्लेपोर्टवरून. जीटी ७१०, ७३० किंवा इंटेलच्या जुन्या एचडी ग्राफिक्सला नाहीच. त्या मशीनवाल्यानं फ्रीसिंकसाठी एक रुपया जास्त देऊ नये. फुकट आलं तर येऊ द्या.

आकार, पॅनल आणि उन्हाळा

टेबल छोटा, बसणं दोन-अडीच फुटांवर: २२ इंच पुरे. २४ सुंदर. २७ इंचीवर फुल एचडीचे ठिपके मोठे दिसतात, आणि त्यात तुम्ही स्केल ७० टक्क्यांवर आणलेलं, म्हणजे शेणानं सारवल्यासारखं चित्र. वाकडा स्क्रीन या आकारात निव्वळ हौस.

पॅनल म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, त्याचे प्रकार तीन: आयपीएस, व्हीए आणि टीएन. त्यातलं आयपीएस घ्या. व्हीएचा काळा रंग गडद असतो, पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या जागी हलणाऱ्या गोष्टींमागे काळं फरकाटं उमटतं. टीएन चपळ असतं, पण बाजूनं बघणाऱ्या चार पोरांना रंग उलटे दिसतात, आणि गावात गेम एकटा कोण खेळतो? खोक्यावरच्या '१ मिलिसेकंद' कडे बघूच नका. तो आकडा कंपनी आपल्या सोयीनं मोजते.

स्क्रीन चकचकीत नको, मॅट हवा. उजेड २५० निटच्या (निट हे उजेडाचं माप) खाली नको. टिनाच्या घरात दुपारी दार उघडं असतं आणि चकचकीत स्क्रीनमध्ये गेमऐवजी अंगणातली तुळस दिसते. बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जातं आणि टिनाखाली काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवसांत दुपारी १२ ते ५ मशीन बंद ठेवा, रात्री खेळा. कापूस घरातच साठवला असेल तर त्याचं तूस मॉनिटरच्या मागच्या जाळीत आणि सीपीयूच्या पंख्यात जाऊन बसतं. कापसाच्या खोलीत कॉम्प्युटर नको. दुसरी जागाच नसेल तर जाळी दर पंधरवड्याला कोरड्या ब्रशनं झाडा.

आणखी एक गोष्ट, जी मी फक्त दुरुस्तीवाला म्हणून बघतो. मॉनिटर दोन प्रकारचे: काहींचा अडॅप्टर बाहेर असतो, लॅपटॉपसारखा, आणि काहींची वीज थेट मागं जाते. शक्य असेल तर बाहेर अडॅप्टरवाला घ्या. व्होल्टेज वर उसळलं किंवा वीज पडली की बऱ्याचदा तेवढा अडॅप्टर मरतो. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा आणला की काम झालं. आतलं पॉवर बोर्ड गेलं तर मॉनिटर उघडावा लागतो, आणि पार्ट यायला आठवडा. कमी व्होल्टेजला हे अडॅप्टर घाबरत नाहीत, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलंच असतं. घाबरायचं ते जास्त व्होल्टेजला. ढग गडगडले की प्लग काढा, नुसतं बटन बंद करून भागत नाही.

जुना घेताना

नागपूरला बर्डीवर, अमरावतीला, अकोल्याला जुने मॉनिटर ढिगानं मिळतात. जाताना मोबाईलमध्ये नाही, पेनड्राइव्हमध्ये पाच चित्रं न्या: पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं. पांढऱ्यावर पिवळटपणा आणि बोटानं दाबल्याचे डाग दिसतात, काळ्यावर कडेनं गळणारा उजेड, रंगांवर मेलेले ठिपके. वीस मिनिटं चालू ठेवा. जुना बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) गरम झाला की मगच लुकलुकतो, आणि दुकानदाराला हे तुमच्यापेक्षा आधी ठाऊक असतं.

'फुल एचडी सपोर्ट' या शब्दांपासून सावध. पॅनल १३६६ चं असूनही १०८० चं चित्र घेणारे मॉनिटर असतात. विंडोजमध्ये १९२० × १०८० लावा आणि बारीक अक्षरं बघा. तुटक, गिचमिड दिसली तर पॅनल लहान आहे. चौकोनी १९ इंची १२८० × १०२४ फार स्वस्तात मिळतो. जुन्या गेमला ठीक, पण आजच्या रुंद गेममध्ये बाजूनं येणारा शत्रू दिसत नाही.

नवा ऑनलाइन घेत असाल तर सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते आधी शोधा. वॉरंटी तीन वर्षांची असली तरी मॉनिटर तुम्हीच नागपूरला घेऊन जायचा असेल, तर एका फेरीत दिवस आणि भाडं दोन्ही जातं. खोका आणि थर्माकोल पोटमाळ्यावर ठेवा. एसटीत मॉनिटर नेताना तो उभा धरायचा, स्क्रीन पायाच्या बाजूला, आणि डिक्कीत अजिबात टाकायचा नाही.

घरी आणल्यावर

जोडला की डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' मध्ये जाऊन हर्ट्झ स्वतः लावा. विंडोज बऱ्याचदा ६० वरच सोडतो. टीव्हीच वापरत असाल तर त्याचा गेम मोड चालू करा आणि चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर 'जस्ट स्कॅन' किंवा तशाच नावाची सेटिंग शोधा. मग एफपीएसला कुलूप लावा. बऱ्याच गेममध्ये तशी सोय असते, नसेल तर रिव्हाट्यूनर नावाचा प्रोग्राम वापरा. ६० हर्ट्झवर ३०, १०० वर ५० किंवा ३३, असे हर्ट्झला भाग जाणारे आकडे निवडा. ३० ते ४५ मध्ये उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा ३० वर ठाम चालणारा गेम हाताला बरा लागतो.

मामेभावाच्या मशीनमध्ये आम्ही रॅमची दुसरी पट्टी टाकली. आतलं ग्राफिक्स कॉम्प्युटरचीच रॅम वापरतं, त्यामुळं दोन पट्ट्यांवर त्याला रस्ता दुप्पट रुंद मिळतो. गेम ७२० वर आणला. २८ चे ४० च्या आसपास गेले आणि ३० वर कुलूप लावलं. "हे तं आंधी सांगाचं नं दादा," म्हणाला. हप्ते अजून आठ बाकी आहेत.

पावसाळ्यात एक फोन दरवर्षी येतो: स्क्रीनच्या आत किडा चालतो आहे. बारीक किडे उजेडाकडे ओढले जातात आणि जाळीतून पॅनलच्या थरांत शिरतात. बोटानं दाबू नका, दाबला की तो तिथंच मरतो आणि कायमचा काळा ठिपका होऊन बसतो. मॉनिटर बंद करा, खोलीतला दिवाही बंद करा आणि मॉनिटरच्या कडेला मोबाईलचा टॉर्च लावून ठेवा. बहुतेक वेळा आला तसा तो बाहेर निघतो.